ओपनपायएक्सएल : फॉर्ममधला शब्द शीटमध्ये जसाच्या तसा उतरवताना

मुलांच्या एका विज्ञान शिबिराच्या नोंदणीचा वेब फॉर्म मी सांभाळते. दरवर्षी साधारण अडीच हजार अर्ज येतात आणि ते सगळे शेवटी एका एक्सेल फाइलमध्ये जातात, कारण नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या ताईंना एक्सेलच हवं असतं. बरोबरच आहे त्यांचं. फिल्टर लावायचा, ओळीला रंग द्यायचा, प्रिंट काढायची, फोनवर बोलता बोलता शेजारच्या रकान्यात ‘उद्या सांगते म्हणाल्या’ असं लिहून ठेवायचं. हे त्या ज्या वेगाने करतात, तो वेग मी बनवलेल्या कुठल्याही ॲडमिन पॅनेलवर त्यांना मिळणार नाही.

ही फाइल मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतून तयार करते आणि गेली चार वर्षं त्यासाठी ओपनपायएक्सएल ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरते आहे. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, एमआयटी परवान्याखाली मिळते. माझ्याकडून तिला पाचपैकी चार. मी तिला एकाच कसोटीवर जोखते: पालकाने फॉर्ममध्ये जे टाइप केलं, तेच ताईंच्या डोळ्यांसमोर आलं पाहिजे. फोन नंबरातलं एक शून्य गळता कामा नये, औषधाच्या नावापुढची एक रेघ इकडची तिकडे होता कामा नये. या फॉर्ममध्ये ‘कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का’ असा एक प्रश्न आहे. त्याचं उत्तर आपल्या कोडच्या चुकीने हरवलं, तर त्याची भरपाई कशानेच होत नाही.

सुरुवात सीएसव्हीने केली होती, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलने. पायथनसोबत सीएसव्हीचं मॉड्यूल येतंच, दहा ओळींत काम होतं, म्हणून बहुतेक जण तिथूनच सुरू करतात. पहिल्या दिवशी ताईंनी फाइलवर डबल-क्लिक केलं आणि सगळी मराठी नावं उच्चारचिन्हं लावलेल्या परक्या अक्षरांच्या माळेसारखी दिसली. फाइल युटीएफ-८ या, सगळ्या लिप्या साठवणाऱ्या एन्कोडिंगमध्ये होती, पण तसं सांगणारी खूण फाइलच्या सुरुवातीला नव्हती, म्हणून एक्सेलने ती संगणकाच्या जुन्या कोड पेजने, म्हणजे अक्षरांच्या जुन्या तक्त्याने, वाचली. ‘युटीएफ-८-सिग’ हे एन्कोडिंग दिलं की पायथन ती खूण आपोआप लिहितो. नावं नीट दिसायला लागली आणि मला वाटलं, झालं काम.

तसं ते झालेलं नव्हतं. सीएसव्हीचं स्वरूप २००५ साली आरएफसी ४१८० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहून ठेवलं गेलं, पण त्यात एक गोष्ट मुळातच नाही: हा सेल मजकूर आहे की संख्या की तारीख, हे सांगण्याची सोय. सगळी नुसती अक्षरं. मग उघडणारं सॉफ्टवेअर आपल्या मनाने ठरवतं. शून्याने सुरू होणाऱ्या फोन नंबरातलं शून्य जातं. देशाच्या कोडसकट लिहिलेल्या नंबरचं अधिकचिन्ह जातं आणि बारा आकडे झाले की तो ‘ई’ घालून घातांकात दिसायला लागतो. सोळा आकडी ओळख क्रमांक असेल तर शेवटच्या आकड्याचं शून्य होतं, कारण एक्सेल संख्येचे पंधराच आकडे जपून ठेवतं. नुसतं दिसणं बदललं असतं तर फॉरमॅट बदलून परत आणता आलं असतं. इथे आकडाच गेलेला असतो.

हा त्रास केवढ्यांना होतो याचा एक पुरावा मला फार बोलका वाटतो. मानवी जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या समितीने २०२० साली काही जनुकांची नावंच बदलली. ‘मार्च-१’, ‘सेप्ट-१’ अशी नावं एक्सेल परस्पर तारखा करून टाकायचं. शास्त्रज्ञांनी सॉफ्टवेअर बदलायची वाट पाहिली नाही, ‘मार्चएफ-१’, ‘सेप्टिन-१’ अशी नवी नावं घेतली.

मला सीएसव्ही सोडायला लावलं ते त्या ॲलर्जीच्या प्रश्नाने. एका आईने उत्तर यादीसारखं लिहिलं होतं: आधी आडवी रेघ आणि तिला लागून इंग्रजीत पेनिसिलिन. एक्सेलने ती रेघ वजाबाकीची मानली, पुढच्या शब्दाला एखाद्या सेलचं नाव समजलं, तसं नाव सापडलं नाही, आणि छापील यादीत त्या मुलीपुढे ‘#नेम?’ असं आलं. ताईंच्या ते लक्षात आलं म्हणून बरं झालं. त्यांनी मला विचारलं, “अगं, हे काय लिहिलंय हिने?” मी मूळ सीएसव्ही साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहिली आणि हातपाय गार पडले. तिने व्यवस्थित लिहिलं होतं. पुसलं ते आमच्या बाजूने. त्याच रात्री मी एक्सएलएसएक्सकडे, म्हणजे एक्सेलच्या स्वतःच्या फाइल-स्वरूपाकडे वळले.

एक्सएलएसएक्स फाइल म्हणजे मुळात एक झिप. एक्सटेन्शन बदलून ती सोडवली तर आत एक्सएमएलच्या, म्हणजे खुणा लावलेल्या मजकुराच्या, फाइली दिसतात आणि शीटच्या फाइलमध्ये प्रत्येक सेलवर त्याचा प्रकार लिहिता येतो: हा मजकूर, ही संख्या, हे सूत्र. म्हणजे ठरवण्याचा हक्क आपल्याकडे येतो. एक्सएमएल असल्यामुळे मराठी अक्षरांचा प्रश्नही उरत नाही, कसलीही खूण लावावी लागत नाही.

ओपनपायएक्सएलचं काम करणं मला मनापासून आवडतं. वर्कबुक तयार करायचं, त्याचं चालू शीट घ्यायचं, ‘अपेंड’ला एक यादी द्यायची की एक ओळ तयार. पायथनची स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, दिली तर सेल मजकुराचा होतो, पूर्णांक दिला तर संख्येचा, तारखेचा ऑब्जेक्ट दिला तर तारखेचा. शून्याने सुरू होणारा फोन नंबर स्ट्रिंग म्हणून दिला की तो स्ट्रिंगच राहतो. लायब्ररी त्यात आपली अक्कल चालवत नाही. पेनिसिलिनपुढची रेघ जशीच्या तशी राहिली. पहिली ओळ गोठवणं, ऑटोफिल्टर लावणं, मथळे ठळक करणं, ही सगळी एकेका ओळीची कामं आहेत.

फोनच्या सेलच्या कोपऱ्यात मात्र हिरवा त्रिकोण दिसतो: ‘संख्या मजकूर म्हणून साठवली आहे’. ताईंना तो खटकला आणि त्यांनी ‘संख्येत बदला’वर क्लिक करायला माउस नेलाच होता. ते केलं असतं तर पुन्हा शून्यं गेली असती. आता फाइलच्या पहिल्या शीटवर मी साध्या मराठीत लिहून ठेवते की हा त्रिकोण तसाच राहू द्या.

आता तो कापलेला गुण.

दुसऱ्या वर्षी एका पालकाने त्याच प्रश्नाच्या उत्तरात लिहिलं: ‘=> दम्याचा पंप सोबत देत आहे’. बाणाचं चिन्ह, इतकंच. पण ओपनपायएक्सएलचा एक नियम आहे की बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारी, एकाहून अधिक अक्षरांची कुठलीही स्ट्रिंग म्हणजे सूत्र. माझ्या कोडने त्याबाबत वेगळं काही सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे तो सेल सूत्राचा झाला. सूत्र म्हणून ते वाक्य निरर्थक होतं, म्हणून ताईंनी फाइल उघडताच एक्सेलने सांगितलं की मजकुरात काहीतरी बिघाड आहे, दुरुस्त करू का? त्यांनी ‘हो’ म्हटलं. कुणीही म्हटलं असतं. दुरुस्तीत ते सूत्र काढून टाकलं गेलं आणि सेल रिकामा झाला. म्हणजे सीएसव्हीत निदान ‘#नेम?’ तरी दिसत होतं, इथे काहीच दिसेना.

हे नुसतं चुकून होतं असंही नाही. फॉर्म इंटरनेटवर उघडा असतो. कुणी मुद्दाम त्यात खरंखुरं सूत्र लिहून पाठवू शकतं, जे ताईंच्या संगणकावर उघडताच बाहेरच्या पत्त्याची लिंक दाखवेल किंवा शेजारच्या सेलमधली माहिती त्या पत्त्यात गुंफेल. सुरक्षेचं काम करणारी मंडळी याला सीएसव्ही इंजेक्शन किंवा फॉर्म्युला इंजेक्शन म्हणतात आणि सीएसव्हीच्या बाबतीत बरोबर, अधिक, वजा आणि ॲट या चिन्हांनी, तसंच टॅबने सुरू होणाऱ्या मजकुराबद्दल सावध करतात. अनोळखी माणसाच्या हातून आलेला मजकूर आपण होऊन सूत्र समजणं हा माझ्या मते चुकीचा डिफॉल्ट आहे. लायब्ररी हिशेबाची शीटं बनवणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून घडली आणि त्यांना हीच सवय सोयीची आहे, हे मला समजतं. पण फॉर्मच्या कामात तिची किंमत मोजावी लागते.

उपाय छोटा आहे आणि तो मी प्रत्येकाला पाठ करायला सांगते. सेलमध्ये मजकूर ठेवल्यानंतर त्याच सेलचा ‘डेटा-टाइप’ हा गुण स्वतः ‘एस’ करायचा. एस म्हणजे स्ट्रिंग. मग बाण बाणच राहतो. त्याच्या जोडीला नंबर फॉरमॅट ‘@’ ठेवायचा, म्हणजे मजकुराचा. हे दुसरं का? कारण ताई त्या सेलवर डबल-क्लिक करतात, काही न बदलता एंटर दाबतात, आणि त्या क्षणी एक्सेल तो मजकूर नव्याने टाइप केल्यासारखा तपासतं. फॉरमॅट मजकुराचा असेल तर ते त्याला हात लावत नाही. याच जातीची आणखी एक गोष्ट: कुणी उत्तरात हुबेहूब ‘#एन/ए’ असं एक्सेलच्या चूक-कोडसारखं इंग्रजीत लिहिलं, तर लायब्ररी त्याला चुकीचा सेल मानते. डेटा-टाइप स्वतः ठरवला की तेही सुटतं.

आपल्या मनाने अंदाज बांधणाऱ्या लायब्ररीपेक्षा सरळ नकार देणारी लायब्ररी मला जास्त भरवशाची वाटते, आणि दोन ठिकाणी ओपनपायएक्सएल तसं वागते. पहिलं, वेळ. अर्ज कधी आला ते सर्व्हर यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, टाइमझोनसकट नोंदवतो. तो ऑब्जेक्ट तसाच सेलमध्ये ठेवायला गेलं तर लायब्ररी थेट अडवते: एक्सेलमध्ये टाइमझोन नसतो, तो काढून द्या. पहिल्यांदा मी वैतागले. पण विचार केल्यावर पटलं, कारण एक्सेलची तारीख म्हणजे १९०० पासून मोजलेल्या दिवसांची नुसती संख्या; टाइमझोन ठेवायला तिच्यात जागाच नाही. लायब्ररीने तो गुपचूप टाकून दिला असता, तर मध्यरात्रीनंतर आलेले अर्ज आदल्या दिवसाच्या तारखेला लागले असते आणि ‘शेवटच्या तारखेआधी भरला होता’ यावरून भांडणं झाली असती. आता मी आधी स्थानिक वेळेत बदलते, मग टाइमझोन काढते आणि रकान्याच्या मथळ्यात कोणती वेळ आहे ते लिहिते.

दुसरं, अदृश्य अक्षरं. पीडीएफमधून कॉपी केलेला मजकूर फॉर्ममध्ये पेस्ट झाला की कधीकधी त्यासोबत व्हर्टिकल टॅबसारखं नियंत्रण-अक्षर येतं. एक्सएमएलमध्ये ते चालत नाही, म्हणून लायब्ररी चूक फेकते आणि सगळा एक्स्पोर्ट थांबतो. अडीच हजार अर्जांपैकी एकात एक अक्षर, आणि फाइल नाही. कोणती अक्षरं चालत नाहीत त्याची रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे ती शोधण्याचा नमुना, लायब्ररीतच दिलेली आहे. तीच उचलून मी मजकूर आधी गाळून घेते आणि काय गाळलं त्याची नोंद लॉगमध्ये ठेवते.

तिसऱ्या ठिकाणी मात्र ती गप्प राहते, आणि ते मला अजिबात आवडलेलं नाही. एक्सेलच्या एका सेलमध्ये ३२,७६७ अक्षरंच मावतात. त्याहून मोठा मजकूर दिला तर ओपनपायएक्सएल काहीही न बोलता पुढचा भाग कापून टाकते. शिबिराच्या अर्जात एवढं कुणी लिहीत नाही, पण सूचना, तक्रारी, मनोगतं गोळा करणारा फॉर्म असेल तर लांबी आधी स्वतः तपासा.

मर्यादांवरून इंग्लंडमधली गोष्ट आठवते. २०२० च्या शरदात तिथल्या आरोग्य यंत्रणेकडून कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद आठवडाभर मोजणीत आलीच नाही, कारण प्रयोगशाळांकडून आलेल्या सीएसव्ही फाइली जुन्या एक्सएलएस स्वरूपात ओतल्या जात होत्या. त्या स्वरूपात एका शीटमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. पुढच्या ओळी गळून गेल्या. एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने बसतात. आपल्याला एवढ्या लागणार नाहीत, पण एक्सएलएस मागणारा कुणी भेटला तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा.

फॉर्मच्या डेटाचे स्वतःचे काही स्वभाव असतात आणि त्यात कुठलीच लायब्ररी मदत करत नाही. टिक न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. ‘नाही’ असं उत्तर येत नाही, ते फील्डच गायब असतं. मी सुरुवातीला पहिल्या अर्जात जी फील्डं दिसली त्यांचेच मथळे केले होते. त्या पहिल्या मुलाने ‘वसतिगृहात राहणार’वर टिक केली नव्हती, त्यामुळे तो रकानाच तयार झाला नाही. मथळ्यांची यादी कोडमध्ये ठाम लिहून ठेवावी, हे तेव्हा कळलं. हंगामाच्या मध्येच नवा प्रश्न आला तर तो शेवटी जोडायचा, मधे घुसवायचा नाही, नाहीतर ताईंनी रकान्याच्या अक्षरावरून लिहिलेली त्यांची सूत्रं सरकतात. एका प्रश्नाची अनेक उत्तरं असतील, म्हणजे आमच्याकडे ‘कोणत्या विषयाच्या गटात यायचंय’, तर ती सगळी स्वतंत्रपणे वाचावी लागतात. नेहमीच्या पद्धतीने मागितलं तर एकच हाती येतं. ती मी एका सेलमध्ये स्वल्पविराम देऊन भरत नाही. प्रत्येक विषयाला वेगळा रकाना आणि त्यात १. मग खगोलाच्या गटात किती मुलं, हे ताई रकाना निवडून खाली बेरीज बघून सांगतात.

बहुओळी उत्तरातल्या ओळींच्या शेवटी ब्राउझर दोन अक्षरं पाठवतो, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. मी पहिलं काढते, दुसरं ठेवते आणि सेलला ‘रॅप टेक्स्ट’ लावते. जन्मतारखेचं फील्ड पडद्यावर कसंही दिसो, सर्व्हरला नेहमी आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असंच मिळतं. ते वाचून खऱ्या तारखेचा ऑब्जेक्ट करायचा आणि दिवस-महिना-वर्ष असा फॉरमॅट लावायचा. तारीख मजकूर म्हणून ठेवली तर वयानुसार क्रम लावता येत नाही.

मराठी मजकुराबद्दल दोन गोष्टी, कारण त्या मला कुठे लिहिलेल्या सापडल्या नव्हत्या. ओपनपायएक्सएल रकान्याची रुंदी मजकुराप्रमाणे आपोआप करत नाही, त्यामुळे बहुतेक जण सर्वांत लांब मजकुराची अक्षरं मोजून रुंदी देतात. देवनागरीत हे फसतं. ‘विद्यार्थी’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पायथन त्याची लांबी दहा सांगतो, कारण काना, वेलांटी, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जातात. मग रकाने उगाच ऐसपैस होतात आणि प्रिंट दोन पानांवर जाते. मी मोजलेली लांबी ०.७ ने गुणते आणि वर चाळीसची मर्यादा घालते. आमच्या फॉन्टला ते बसतं.

दुसरी गोष्ट ‘ऱ्ह’ची. आडनावात ‘ऱ्ह’ असलेल्या एका मुलाचे दोन अर्ज आले होते, एक आईने भरलेला, एक वडिलांनी. दोन्हीकडे आडनाव अगदी सारखं दिसत होतं, पण एक्सेलचा फिल्टर त्यांना दोन वेगळी नावं म्हणत होता. एका कीबोर्डने ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरलं होतं. दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह, झिरो-विड्थ जॉइनर. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन या दोघांना एक करत नाही. ते र आणि खालचा नुक्ता मिळून एक ‘ऱ’ करतं, तेवढंच. म्हणून मी ‘तुलनेसाठी नाव’ असा एक लपवलेला रकाना ठेवते. त्यात हे बदल करते, जास्तीच्या मोकळ्या जागा काढते आणि दुबार अर्ज त्यावरून शोधते. पालकांनी लिहिलेल्या नावाच्या रकान्याला हात लावत नाही. ते त्यांचं लिहिणं आहे.

मोठ्या फाइलींसाठी लायब्ररीचा ‘राइट-ओन्ली’ प्रकार आहे. एरवी ती सगळे सेल मेमरीत धरून ठेवते आणि तिच्याच दस्तऐवजात म्हटलंय की मेमरी मूळ फाइलच्या सुमारे पन्नास पट लागते, ५० एमबीच्या फाइलला २.५ जीबी. राइट-ओन्लीत ओळ लिहिली की ती बाहेर जाते. त्याची शिस्त पाळावी लागते: गोठवलेली ओळ, रकान्यांची रुंदी हे सगळं पहिल्या ओळीच्या आधी सांगायचं, मागे जाऊन काही बदलता येत नाही, आणि फाइल एकदाच सेव्ह होते. आम्हाला अडीच हजार ओळींना त्याची गरज नाही.

एक चूक मात्र मी कुणालाच करू देणार नाही. ओपनपायएक्सएलवर आल्यावरच्या माझ्या पहिल्या आवृत्तीत माझा कोड प्रत्येक अर्ज आला की तीच एक्सेल फाइल उघडायचा, शेवटी ओळ जोडायचा आणि सेव्ह करायचा. एक ओळ जोडायला सगळी झिप नव्याने लिहावी लागते, आणि दोन पालकांनी एकाच वेळी ‘पाठवा’ दाबलं की दोन्हीकडे जुनीच फाइल उघडते. जी नंतर सेव्ह होते ती आधीची ओळ पुसते. त्यात ती फाइल एका सामायिक फोल्डरमध्ये होती. ताईंनी ती उघडून ठेवली की विंडोजवर सेव्ह करायला परवानगीच मिळेना. असे दोन अर्ज गेले. त्या दोन्ही घरी फोन करून मी माफी मागितली आणि अर्ज फोनवर पुन्हा लिहून घेतले. तेव्हापासून अर्ज आधी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये उतरतो आणि एक्सेल फाइल मागितली की त्या क्षणी नवी तयार होते, मेमरीतच, डिस्कवर न ठेवता. ताईंनी रंगवलेली, टिपणं लिहिलेली त्यांची जुनी फाइल मी कधीच उघडून सेव्ह करत नाही. ओपनपायएक्सएल फाइलमधल्या सगळ्याच गोष्टी वाचत नाही, आणि ताईंनी काढलेले बाण, चौकोन असे आकार त्यात नाहीसे होतात.

पर्यायांचं थोडक्यात. एक्सएलएसएक्सरायटर ही दुसरी लायब्ररी फक्त लिहिते, वाचत नाही. पण लिहिण्याच्या कामात ती काही बाबतींत सरस आहे: स्ट्रिंगचं सूत्र करू नका असं वर्कबुक उघडतानाच एका पर्यायाने सांगता येतं, तो हिरवा त्रिकोण बंद करता येतो, रुंदी आपोआप होते, आणि तिचं दस्तऐवज तर मी वाचलेल्या सर्वोत्तम दस्तऐवजांपैकी आहे. नव्याने सुरू करणाऱ्याला फक्त एक्स्पोर्टच हवा असेल तर मी आज तीच सुचवेन. पांडाज ही डेटा हाताळण्याची लायब्ररी अनेकांना जवळची वाटते, आणि ती एक्सेल फाइल लिहायला आतून याच दोघींपैकी एकीला बोलावते. मात्र डेटा सीएसव्हीतून पांडाजमध्ये वाचत असाल तर सांभाळा. फोन नंबर संख्या होतात, आणि कुणी ॲलर्जीपुढे इंग्रजीत ‘एन/ए’ लिहिलं असेल तर पांडाज ते रिकामं समजते. ‘आम्हाला काही नाही’ असं आवर्जून सांगणं वेगळं आणि प्रश्न सोडून देणं वेगळं. ताई दुसऱ्यांना फोन करतात, पहिल्यांना नाही. सगळं स्ट्रिंग म्हणून वाचायला आणि रिकाम्याच्या ठरलेल्या शब्दांकडे दुर्लक्ष करायला सांगितलं की हे टळतं.

तरीही मी ओपनपायएक्सएलकडेच राहिले, कारण तिला वाचताही येतं. फाइल तयार झाली की माझा कोड तीच फाइल पुन्हा उघडतो आणि प्रत्येक सेल डेटाबेसमधल्या उत्तराशी ताडून पाहतो. रिकामी स्ट्रिंग परत येताना ‘काही नाही’ म्हणून येते, तेवढी एक सूट सोडली तर एकही फरक चालत नाही. फरक सापडला तर फाइल डाउनलोडच होत नाही आणि मला मेल येतो. सूत्रांच्या बाबतीत मात्र हे वाचणं कामाचं नाही, कारण ती सूत्र सोडवत नाही. बेरजेचं सूत्र लिहिलं तर उत्तर एक्सेल उघडेल तेव्हाच मिळतं, फोनवरच्या प्रिव्ह्यूमध्ये जागा कोरी दिसते. म्हणून एकूण आकडे मी पायथनमध्येच काढून संख्या म्हणून लिहिते.

या वर्षी ताईंनी एकच मागणी केली. ॲलर्जी असलेल्या मुलांची वेगळी शीट हवी, आडव्या पानावर, मथळ्याची ओळ प्रत्येक पानावर पुन्हा छापलेली, रुंदी एका पानात बसणारी. लायब्ररीत या तिन्हींची सोय आहे, चार ओळींत झालं. ती पानं प्रथमोपचार पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली असतात. दुसऱ्या पानावर, वरून तिसऱ्या ओळीत, यंदाही तेच लिहिलंय: ‘=> दम्याचा पंप सोबत देत आहे’.